जात्याची घरघर पुसून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरकर्त्यांस खुले पत्र

'एका क्लिकमध्ये कॅसेट डिजिटल' करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचे सन्माननीय कर्ते-करविते महोदय यांस,

सा. न. वि. वि.

आपलं नाव या पत्रात लिहीत नाही. आपल्यासारखे अनेक आहेत आणि ज्यांनी आपली सेवा घेतली आहे, ते आपल्याला चार ओळींत ओळखतील.

प्रथम आपले मनःपूर्वक आभार. माळ्यावरच्या खोक्यांत धूळ खात पडलेल्या कॅसेट्सची आठवण आपण आम्हाला करून दिलीत. 'आठवणी जपा' असं आपल्या जाहिरातीत लिहिलं होतं आणि ते आम्ही खरं मानलं. किती बिट, कुठला फॉरमॅट, आवाजाची पातळी किती, असले प्रश्न विचारून आपण आम्हाला जराही तसदी दिली नाहीत. सगळे निर्णय आपणच घेतलेत. एवढी काळजी तर घरचं माणूसही घेत नाही.

त्यातल्या एका निर्णयाबद्दल मी आपली जन्मभर ऋणी राहीन. १९८६ साली माझ्या मामाने भोरजवळच्या गावी, पहाटे दळताना आजीच्या ओव्या टेप केल्या होत्या. रेकॉर्डर जात्याशेजारी जमिनीवरच ठेवलेला. सुरुवातीला अर्धा-एक मिनिट नुसतं जातं फिरत असतं. मग आजी पहिली ओवी उचलते. मूठभर दाणे वैरले की घरघर खोल, जड होते; दाणे संपत आले की दगडावर दगड वाजू लागतो आणि तेवढ्यात पुढची मूठ पडते. खुंटा जरा सैल असावा, कारण दर फेऱ्याला एक 'टक' ऐकू येतो. ओवीचा चरण त्या टकटकीवरच टेकतो. बांगड्या मध्येच वाजतात, थांबतात.

आपल्या सॉफ्टवेअरने ते पहिलं अर्धं मिनिट ऐकलं. त्यात माणसाचा आवाज नव्हता, म्हणून ते 'खराबी'चा नमुना ठरलं. मग तो नमुना हाताशी धरून पुढच्या अख्ख्या बाजूतून तसला प्रत्येक आवाज आपण वेचून काढलात. जातं गेलं. दाणे गेले. बांगड्या गेल्या. आता आजी कुठल्याशा रिकाम्या खोलीत एकटीच गाते आणि दर चरणाच्या शेवटी तिच्या स्वरामागे पाण्याखाली बुडबुडे फुटावेत तसं काहीतरी धातूसारखं गुळगुळतं. केवढी ही स्वच्छता! कल्हईला दिलेलं पातेलं घासून घासून बुडाला भोक पडेपर्यंत चकचकीत करून परत द्यावं, तशी.

आणि हे सगळं आपण न विचारता केलंत, यासाठी तर खास धन्यवाद. 'आवाज साफ करा' ही खूण आधीच लावून ठेवलेली आणि ती काढायची जागा तिसऱ्या पडद्याआड. माझ्या मावशीचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. तिने ती कुठून शोधायची?

ती कॅसेट मावशीकडेच होती. काम पूर्ण झाल्यावर आपण तिला पडद्यावर आपुलकीचा निरोप दिलात : आपल्या आठवणी सुरक्षित आहेत, आता जुन्या कॅसेट्सची गरज नाही. तिने विश्वास ठेवला. कॅसेट्स भंगारवाल्याकडे गेल्या. आजीच्या जात्याचा आवाज आता जगात कुठेही नाही. तो परत टेप करता येणार नाही, कारण आजी नाही, आणि गावात विजेची चक्की आल्यावर पहाटेचं दळण थांबलं, तशा त्या ओव्याही थांबल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या त्या याच जाणिवेने. शब्द लिहून ठेवता येतात. पण ओवी जात्याच्या कुठल्या फेऱ्यावर वळते, हे आवाजाशिवाय कळत नाही. आपल्याला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. आपण फक्त ते पुसण्याचं यंत्र बनवलंत.

आपली दृष्टी समभावाची आहे, हेही नमूद करायला हवं. ओव्यांना एक न्याय आणि शास्त्रीय संगीताला दुसरा, असं आपण केलं नाहीत. एका स्नेह्यांकडची घरगुती बैठकीची कॅसेट आपण अशाच ममतेने हाताळलीत. अखंड चालणारा, न बदलणारा आवाज दिसला की आपलं यंत्र तो कमी करतं. तंबोरा अखंडच चालतो, महोदय. गायक षड्जावर येऊन थांबतो आणि त्याच्याखालची जमीनच नाहीशी झालेली असते. शिवाय आलापातली प्रत्येक शांतता ही दोन गाण्यांमधली रिकामी जागा आहे असं समजून आपण एका ख्यालाच्या कितीतरी फायली केल्यात, त्यांना क्रमांकही दिलेत. या मेहनतीचं मोल कसं करावं?

आपल्या मोफत चाचणीच्या उदारपणाबद्दलही बोललं पाहिजे. दहा मिनिटं झाली की ध्वनिमुद्रण थांबतं आणि पैसे भरण्याची विनंती येते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. पैसे भरा आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवा. पण जुनी फीत किती वेळा वाजेल, याचा काही नेम नसतो. पावसाळे खाल्लेल्या कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी असते, फीत हेडवर तपकिरी भुकटी सोडते, फितीला हेडशी दाबून धरणारी फेल्टची इवली गादी डिंक सुकून गळून पडते. काही फितींची एकच फेरी उरलेली असते. ती फेरी आपण आपल्या जाहिरातीसाठी मागता. रीपर नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, तेही विकतच. पण साठ दिवस ते सगळ्या सोयींसह वापरू देतं, काहीही अडवून ठेवत नाही. तेव्हा धंदा असाही करता येतो, हे आपल्या कानावर घालते.

वेगाबद्दल आपली कृपा तर वेगळीच. भजनी मंडळाची एक कॅसेट घ्या. रेकॉर्डर सेलवर चालत होता, सेल उतरले होते, म्हणून फीत हळू फिरली. आज ती धड मशीनवर लावली की सगळं वर चढतं. पेटी काळी एकमध्ये लावलेली माहीत असताना पांढरी दोन ऐकू येते. एवढा एक स्वर चढला म्हणजे वेग सुमारे सहा टक्क्यांनी जास्त, पंचेचाळीस मिनिटांचं भजन साडेबेचाळीस मिनिटांत उरकतं. यावर उपाय सोपा आहे : वेग आणि स्वर दोन्ही एकत्र खाली आणायचे. आपण मात्र फक्त लय कमी करायची सोय दिलीत, स्वर तिथेच ठेवून. त्यामुळे म्हातारे टाळकरी अजून पोरांच्या आवाजात गातात, फक्त सावकाश.

मग ती फाईल. आपण आम्हाला १२८ केबीपीएसची एमपीथ्री दिलीत, 'उत्तम दर्जा' अशी चिठ्ठी लावून. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला १४११ किलोबिट असतात. म्हणजे अकरापट माहितीतली एकपट आपण आमच्या पदरात टाकलीत आणि बाकीची कायमची टाकून दिलीत. जागा वाचवली म्हणता? तासाभराच्या कॅसेटची पूर्ण, न दाबलेली वेव्ह फाईल साधारण सहाशे एमबीची होते. फ्लॅकमध्ये ठेवली तर आवाजातलं काहीही न गमावता ती बरीच लहान होते. लग्नाचा एक व्हिडिओ याहून मोठा असतो.

पूर्ण दर्जा हवा असेल तर तो आपल्या खास प्रकारच्या फाईलमध्ये मिळतो, जी फक्त आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये, आपल्याच खात्यातून, वर्गणी चालू असेपर्यंत उघडते. या बंदोबस्ताबद्दल आपलं अभिनंदन. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट जगापुढे आणली आणि पुढे दुसऱ्या कंपन्यांना ती मोबदला न घेता बनवू दिली. म्हणून मामाने ज्या रेकॉर्डरवर टेप केलं तो मोडीत गेला, तरी ती फीत कुठल्याही कंपनीच्या डेकवर वाजली असती. प्लास्टिकच्या त्या डबीने जे वचन पाळलं, ते आपल्याला इतकं जड का जावं?

नव्या आवृत्तीत आपण कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज 'पुनरुज्जीवित' करता असं वाचलं. नमुना ऐकला. म्हातारीचा श्वास काढला, खोकला काढला, शब्दांच्या कडा तासल्या. बातम्या वाचणारी एखादी तरुण बाई आजीचे शब्द म्हणत होती. आम्हाला आजी हवी आहे, महोदय. तिचा दमसुद्धा हवा आहे.

आता आपल्या मागे उभं राहून हे पत्र वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते, आपली परवानगी गृहीत धरून. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केलं आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. २०२१ मध्ये त्याची सूत्रं नव्या कंपनीकडे गेली, तेव्हा वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याचा बेत पुढे आला. लोकांनी ओरड केली आणि तो मागे घ्यावा लागला. आपल्याकडे ओरडायला खिडकीही नाही. मला ऑडॅसिटीतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे : टेप होत असताना ते ध्वनीला हात लावत नाही. आवाज साफ करायची सोय त्यातही आहे, पण नमुना कुठला घ्यायचा आणि किती घासायचं हे वापरणाऱ्याने ठरवायचं, नंतर, प्रतीवर.

ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना इआसा हेच सांगते. जपून ठेवायची प्रत किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची असावी आणि तिच्यावर कसलाही संस्कार करू नये. घरी हे सहज जमतं. डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये तार जोडा. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा एकाच चॅनेलचं असतं, ते टाळा. संगणक स्वतःहून आवाज 'सुधारतो' ती सोय बंद करा. सर्वांत मोठा आवाजही शून्य डेसिबलच्या बराच खाली, उणे सहाच्या आसपास राहील असं बघा. लाल दिवा लागला की तिथला आवाज फाटतो आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने तो नीट शिवता येत नाही. आवाज दबका वाटला तर आधी हेड स्पिरिटने पुसा, हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून 'स' आणि 'श' कुठे स्वच्छ वाजतात ते ऐका. हे काम कानाने आणि पेचकसाने होतं. आणि कॅसेट भंगारात देऊ नका, कोणीही कितीही गोड सांगितलं तरी.

महोदय, आपल्याला चार विनंत्या आहेत आणि त्या अगदी गंभीरपणे करते. 'आवाज साफ करा'ची खूण आधीपासून लावून ठेवू नका. मूळ ध्वनिमुद्रण, जसं फितीवर आहे तसं, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये फुकट आवृत्तीतही जतन होऊ द्या. चाचणी अडवायचीच असेल तर फाईल साठवताना अडवा, फीत फिरत असताना नको. आणि कॅसेट टाकून द्या असं सांगणारा तो निरोप आजच्या आज काढा. तो अजूनही रोज कुणाच्या तरी मावशीला दिसतो आहे.

माझ्या खात्यातून वर्गणीची रक्कम याही महिन्यात वळती झाली आहे. खातं बंद केल्याची लेखी पोच पाठवण्याची तसदी घ्यावी.

कळावे,
आपल्या कृपेतून सुटका मागणारी,
एक ग्राहक