तुम्ही द्याल ते

मराठी इंजिनिअर अमेरिकेत पगाराची बोलणी करतो ती थेट मुलाकडच्यांच्या थाटात. 'आमची काही अपेक्षा नाही, तुम्ही द्याल ते!' आपल्याकडे या वाक्याचा अर्थ समोरच्या पार्टीला बरोबर कळतो आणि तोळे आपोआप वाढतात. न्यू जर्सीतली एचआरबाई मात्र सरळमार्गी. अपेक्षा नाही म्हणाला ना? तिनं तसं लिहून घेतलं.

बरं, आकडा गुप्त असतो म्हणावं तर तसंही नाही. एच-वन-बी व्हिसाच्या अर्जासाठी पद आणि पगार लिहिलेली नोटीस मालकाला कामाच्या जागी 10 दिवस लावावी लागते. कागदावर असेल तर दोन ठळक ठिकाणी. म्हणजे पँट्रीत, मायक्रोवेव्हच्या डोक्यावर. नाव नसतं. पण त्या पदावरचा, आणि तिथे शेपूची भाजी गरम करणारा, एकटाच असतो. जो आकडा त्यानं सख्ख्या मेव्हण्याला कळू दिला नाही, तो वाचत सगळा मजला सँडविच खातो. हा मान खाली घालून डबा उचलतो. शेजारच्या नोटिशीवर काय लिहिलंय ते बघावं, एवढंही त्याला सुचत नाही.

तीन वर्षांनी धीर करतो. रूट वनच्या ट्रॅफिकमध्ये स्टीअरिंगला भाषण म्हणून दाखवतो. केबिनमध्ये मात्र पहिला शब्द निघतो 'सॉरी'. साहेब म्हणतात, तू तर रॉकस्टार. बजेटचं पुढच्या क्वार्टरला बघू. तीनदा थँक्यू म्हणून हा बाहेर येतो आणि बायकोला फोन लावतो, ''साहेब पॉझिटिव्ह आहेत.''

हसणं सोपं आहे. नोकरी गेली तर नवी शोधायला हाती जास्तीत जास्त 60 दिवस, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेतला अर्ज बहुधा मालकानं केलेला. बोलणी मोडायची सोय एकाच पक्षाला, हे साहेबांना पक्कं ठाऊक. नवा मालक अर्ज दाखल करताच त्याच्याकडे कामाला लागता येतं, हा कायदा 2000 सालचा. पण मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या रांगेत चर्चा होते ती होम लोनच्या दराची.

जाता जाता एक. एच-वन-बीच्या अर्जातलं 750 किंवा 1500 डॉलरचं प्रशिक्षण शुल्क मालकानंच भरायचं असतं. कामगाराकडून ते वसूल करायला कायद्यानं मनाई आहे. ज्यांनी ते खिशातून भरून वर साहेबांना काजूकतली दिली, त्यांनी निदान पावती शोधून ठेवावी.