बिनपाण्याची कशी करून घ्यावी

दाढीच्या साबणावर तीन हजार रुपये घालवावेत असं तुमच्या मनात आलंय ना? अभिनंदन. पुष्कळ माणसं जन्मभर स्वस्तातली वडी भिजवतात, गालाला फासतात, पातं फिरवतात आणि कामाला लागतात. आपलं काही चुकतंय अशी शंकासुद्धा त्यांना येत नाही. तुम्हाला ती आली. आता ती जोपासायची कशी आणि तिच्यापायी खिसा रिकामा कसा करायचा, हे खास नारायणगाव पंचक्रोशीतल्या होतकरूंसाठी इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. ओतूर, मंचर, घोडेगावकरांनीही वापरायला हरकत नाही.

१. आधी दुःखी व्हा.

आजवर तुमची दाढी बरी होत होती, हाच पहिला अडथळा. आरशासमोर उभे राहा, गालावर उलटा हात फिरवा, खरखर लागेल तिथे थांबा आणि सुस्कारा सोडा. ब्लेड कधी बदललं होतं ते आठवू नका. घाईत तोंड न भिजवताच फेस लावता, तेही विसरा. सगळा दोष साबणावर ढकला. तो उलट बोलत नाही.

२. भाव कॅरेटमध्ये काढा.

तीन हजार हा आकडा रुपयांत ऐकला की छातीत धस्स होतं. म्हणून तो टोमॅटोत मोजा. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटने दोन हजारांचा पल्ला ओलांडला होता. त्या हिशेबाने तुमची डबी दीड कॅरेटच्या आतच बसते. म्हणजे फुकटच म्हणा ना!

मात्र खरेदीची वेळ साधा. कॅरेट शंभरावर आलेलं असताना हाच हिशेब केलात, तर तीस कॅरेट, म्हणजे सहाशे किलो टोमॅटो गालाला चोळल्यासारखं होईल. बाजारात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा: दोन हजारांच्या टोमॅटोला शंभराच्या टोमॅटोपेक्षा जास्त चव नव्हती. घेणाऱ्याला नड जास्त होती, एवढंच. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. साबण घेताना तेवढं विसरा.

३. डबीवरचं साल मोठ्याने वाचा.

चांगल्या साबणावर साल असतंच. लंडनच्या ट्रूफिट अँड हिलचं साल १८०५. त्या वर्षी पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. एवढं म्हणालात की समोरचा गप्प होतो. बाजीरावाची दाढी कोण करत होतं, असं त्याने विचारलंच तर विषय बदला.

परदेशी मालाचा शौक ही आपल्या तालुक्याची जुनी परंपरा आहे, हेही ठासून सांगा. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराची साक्ष देतो. तुमच्या डबीच्या किमतीतही जकात आहे, वाहतूक आहे, लाकडी वाटी आहे, छापील कागद आहे, सुगंध आहे. उरलेल्या जागेत थोडा साबणही आहे.

नावाचा महिमा कुणाला पटत नसेल, तर त्याला गावचाच दाखला द्या. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने नारायणगावला फ्रेंच शँपेनवाल्यांच्या मदतीने फेसाळती वाइन केली आणि ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी पाठवली. तिचं नाव ‘मीनाकाठची द्राक्षी’ ठेवलं असतं, तर पॅरिसच्या माणसाने बूच उघडलं असतं का?

४. मागचं लेबल वाचू नका. वाचलंत, तर घरात वाचून दाखवू नका.

जाणकार ज्या परदेशी साबणांवर जीव टाकतात, त्यातल्या कित्येकांत ‘टॅलो’ असतो. टॅलो म्हणजे गाईबैलांची किंवा मेंढ्यांची चरबी. जाणकारांच्या मते ती असली की फेस दाट होतो आणि पातं घसरतं. हे मत आपल्यापाशीच ठेवा. घरात आजोबा माळकरी असतील, आषाढीला वारी चुकवत नसतील, तर डबी देवळीत ठेवण्याआधी दोनदा विचार करा. “काय रं, वास तर लय भारी मारतोय, कशाचा हाय?” असं त्यांनी विचारलं, तर “चंदनाचा, आबा” एवढंच म्हणा आणि मोरीचं दार लावून घ्या.

आर्देशिर गोदरेज यांनी १९२० च्या आगेमागे वनस्पती तेलाचा, चरबी नसलेला साबण देशात आणला, तो अशाच घरांचा विचार करून. शंभर वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न जादा पैसे मोजून परत घरात आणायचा, याला अभिरुची म्हणतात.

इंग्लंडच्या एका नावाजलेल्या साबणात लॅनोलिनही असतं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीचा मेद. तसलीच मेंढरं धनगर तुमच्या रानात बसवतो, तेव्हा तुम्ही लेंडीखताचे पैसे मोजता आणि लोकरीकडे ढुंकूनही बघत नाही. चूक तुमची नाही. त्या मेंढरांना डबी नव्हती.

५. ब्रश घ्या. मग दुसरा घ्या.

नुसत्या साबणाने भागत नाही. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश लागतो, तो टांगायला स्टँड लागतो आणि स्टँड ठेवायला फळी लागते. नायलॉनच्या ब्रशानेही उत्तम फेस येतो आणि तो चटकन वाळतो, हे खरं आहे, म्हणूनच कुणाला सांगू नका. आपल्याकडे उसात बिबट्या फुकट दिसतो, पण त्याच्या केसांच्या ब्रशाचा विचारही नको. वनखात्याला विनोद कळत नाही.

६. पाण्याबद्दल अवाक्षर काढू नका.

ही सगळ्यात अवघड पायरी आहे, कारण सगळी दाढी पाण्यावरच चालते. केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने तोंड भिजवलं की तो कापायला बराच कमी जोर लागतो. साबणाचं काम त्यानंतरचं: ते पाणी केसाशी धरून ठेवायचं आणि पात्याला घसरण द्यायची. त्यासाठी स्टिअरिक आम्लाचा साबण हवा आणि जोडीला ग्लिसरीन. स्वस्त वडी असो की लंडनची डबी, कणा हाच. फरक कमी-जास्त प्रमाणाचा आणि सुगंधाचा. नाजूक कातडीची आग सुगंधानेही होऊ शकते, म्हणजे जादा पैसे ज्याचे मोजले त्यानेच.

त्यात तुमचं पाणी बोअरचं. ज्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि बादलीला पांढरी कड धरते, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला गाठतं आणि त्याची चिकट साय करून टाकतं. फेस बसतो. डबी १८०५ ची आहे हे त्या कॅल्शियमला कुणी सांगितलेलं नसतं. तीन हजारांच्या साबणाला बोअरच्या पाण्यात घातलंत, तर तो तीस रुपयांच्या वडीसारखाच रडतो. उलट तीस रुपयांच्या वडीला पावसाचं किंवा धरणाचं मऊ पाणी मिळालं, तर ती वाटीबाहेर येते.

आता तुम्ही काय कराल? शुद्ध पाण्याचा वीस लिटरचा जार लावा. साबण वाचवायला पाणी विकत घ्यायचं. पाणी बदलल्यावर दाढी सुधारली, तर श्रेय मात्र साबणाला द्या.

७. राहुट्यांकडे फिरकू नका.

नारायणगाव ही तमाशा पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. तुमच्या छंदाला हा काळ धोक्याचा. तमाशातली मावशी पुरुष करतो. त्याला रोज रंगाखाली खुंट दिसणार नाही अशी दाढी लागते, कारण हजार माणसं बघणार असतात. दाढीचा जाणकार शोधायचा, तर तो असा. त्याच्याशी साबणाच्या खानदानावर बोलायला गेलात, तर तो तुमच्याकडे मावशीच्याच नजरेने बघेल आणि पुढच्या वगात तुम्ही असाल.

८. हिशेब अर्ध्यावर सोडा.

इथे एक बाजू तुमच्या कामाची आहे. समजा डबीत शंभर ग्रॅम साबण आहे आणि एका दाढीला एक ग्रॅम लागतो. शंभर दाढ्या, प्रत्येकी तीस रुपये. सलूनात जाऊन करून घेण्यापेक्षा हे महाग नाही. नाक सुखावतं, सकाळची दहा मिनिटं बरी जातात. एवढ्यासाठी एवढे पैसे, असं ज्याला वाटेल त्याचा व्यवहार रोखठोक आहे. हा आकडा बायकोला जरूर सांगा.

पुढचा आकडा सांगू नका. हा हिशेब जमतो तो डबी तळापर्यंत संपवणाऱ्यालाच, आणि अशा माणसाला हा नाद लागत नाही. तुम्ही पहिली डबी निम्मी व्हायच्या आत दुसरी मागवणार, कारण तिचा वास पावसाळ्यासाठी चांगला. मग तिसरी. डब्या आठ, गाल दोन. उरलेला साबण नातवाला मिसरूड फुटेपर्यंत टिकेल. नातवाला दाढी राखायची असेल.

९. विज्ञानाचा आधार घ्या.

कुणी विचारलं, “एवढा खटाटोप कशाला? ट्रिमर घ्या की!” तर खोडदकडे बोट दाखवा. तिथल्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण दूरच्या दीर्घिकांचे अतिशय क्षीण रेडिओ संदेश ऐकते. विजेच्या उपकरणांचा गोंगाट तिला सोसत नाही. तुमचा ब्रश आणि वाटी मात्र पूर्ण निःशब्द. विश्वाच्या अभ्यासासाठी तुम्ही तीन हजार रुपये खर्च केलेत, असं म्हणा. देणगीची पावती मात्र मागू नका.

१०. शेवटची परीक्षा द्या.

शंका उरलीच, तर ती एकदाची मिटवा. भावाला दोन वाट्यांत फेस करायला सांगा, एकीत वडीचा, दुसरीत डबीचा. कुठला कोणता ते त्याने सांगायचं नाही. पाणी एकच, ब्लेड नवं. उजवा गाल एकाने, डावा दुसऱ्याने. मग तोंड धुऊन, पुसून, नेहमीच्या सलूनवाल्याकडे जा आणि कोणता गाल भारी झालाय ते त्याला विचारा.

त्याने बरोबर ओळखलं, तर पैसे वसूल. ओळखलं नाही, तर त्याचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही असं समजा, घरी या आणि नववी डबी मागवा.