भागीदार सरोवरास अनावृत पत्र

श्रीमंत लोणार सरोवर, मुक्काम पोस्ट लोणार, जिल्हा बुलढाणा, यांचे सेवेशी –

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. गेल्या दसऱ्यास, आपले दर्शन जेथून होते अशा एका भोजनगृहात सहकुटुंब जेवण्याचा योग आला. आणि तेथून उठताना पोटात जी पोकळी शिल्लक राहिली तिचा जाब कोणास विचारावा याचा पुष्कळ खल केल्यावर मालक, आचारी आणि वाढपी या तिघांसही निर्दोष सोडून ही फिर्याद आम्ही आपणांवरच रुजू करीत आहोत. कारण त्या तिघांनी जे केले ते सर्वस्वी आपल्या भरवशावर केले.

आपली योग्यता आम्ही जाणतो. आईने-अकबरीत सरकार मेहकरच्या वर्णनात अबुल फजलने, येथे काच आणि साबण यांची सामग्री निघते व खारावरील जकातीने खजिन्यात भर पडते, असे आपल्या परिसराविषयी नमूद केले. १८२३ साली अलेक्झांडर नामक इंग्रज अंमलदाराने आपली दखल घेतली. दीर्घकाळ ज्वालामुखीच्या खाती जमा असलेले आपले विवर उल्कापाताने झाल्याचा भक्कम पुरावा १९७३ साली पुढे आला. आणि २०२० च्या नोव्हेंबरात रामसर पाणथळींच्या यादीतही आपले नाव चढले. इतक्या दप्तरांत नोंद असलेल्या असामीने एका खाणावळीची भागीदारी पत्करावी, आणि तीही बिनहिश्शाची, याचा अचंबा वाटतो. ‘सरोवराकडचं टेबल हवं असल्यास माणशी दोनशे वेगळे,’ असे फेटेवाल्या व्यवस्थापकाने दारातच बजावले, तेव्हा आपला बाजारभाव आम्हांस प्रथम कळला.

दैत्यसूदन विष्णूने लवणासुराच्या बिळावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले अशी आपल्याकडील आख्यायिका आहे. आमच्या ताटावरील तांब्याचे झाकण वाढप्याने तितक्याच आविर्भावाने उचलले. आत असुर नव्हता, एक पुरणपोळी होती. तिच्या मध्यभागी पुरणाचा जो अल्पसा साठा होता, त्याच्या आणि काठाच्या दरम्यान कोरड्या कणकेचा विस्तीर्ण प्रदेश पसरला होता. आता, बाहेरच्या फलकावर ‘अस्सल वऱ्हाडी पाहुणचार’ अशी अक्षरे नसती तर आम्ही मुकाट्याने ती पोळी गिळली असती. परंतु वऱ्हाडात पुरणपोळीच्या पंगतीस यजमान तुपाचे भांडे घेऊन पाहुण्यापुढे उभा राहतो, आणि पाहुण्याने पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटींतून धार सोडतो, हे ज्याने लहानपणापासून पाहिले त्याच्यासमोर प्लास्टिकच्या इवल्याशा वाटीत गोठलेले तूप ठेवणे हा फौजदारी गुन्हा नसला तरी दिवाणी दाव्यास पुरेसा आहे. दुसरी वाटी मागितली तेव्हा वाढपी पोऱ्या प्रामाणिकपणे म्हणाला, ‘तूप एकच डाव भेटते, काका. पण खिडकीतून पाहा ना, काय मस्त दिसते!’

हे उत्तर पुढे प्रत्येक पदार्थास लागू पडले. आमटीत मीठ नव्हते; लवणासुराच्या दारात बसून आळणी आमटी भुरकण्याचा योग विरळा म्हणून आम्ही मीठ मागितले, तर तो मिठाआधी खिडकीच दाखवू लागला. आपले वय पूर्वी सुमारे पन्नास हजार वर्षे मानीत, पुढे ते साडेपाच लाखांच्या वर नेणारे संशोधन झाले. ताटातील वरणाच्या वयासंबंधीही आमच्या कुटुंबात तसेच दोन पक्ष पडले. श्रीखंड गुलाबी होते. २०२० च्या जूनमध्ये आपले पाणी गुलाबी झाले ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला होता. श्रीखंडाच्या बाबतीत असा निर्वाळा मिळेपर्यंत आम्ही ते बाजूस सारले. (मुलांनी खाल्ले. मुले काहीही खातात.) आणि जवळच धारेचे गोड पाणी यात्रेकरूंसाठी अखंड वाहत असताना आमच्या टेबलावर मात्र पाण्याच्या बाटल्या न मागता उघडून ठेवल्या होत्या, व त्यांची बिलात स्वतंत्र नोंद होती.

याच जिल्ह्यात शेगावी, जेथे १८७८ साली उष्ट्या पत्रावळीतील शिते वेचून खाणारे गजानन महाराज लोकांच्या प्रथम दृष्टीस पडले, तेथे आज संस्थानच्या महाप्रसादाच्या पंगतीत बसणाऱ्यास पाहण्याजोगे दृश्य म्हणजे समोरच्या माणसाचे ताट. तेथे कोणी खिडकी मागत नाही, आणि उपाशी उठत नाही. तेव्हा आमचा असा तर्क आहे की, आचाऱ्याचा हात आखडतो तो महागाईने कमी आणि खिडकीने अधिक. गिऱ्हाइकाचे डोळे बाहेर गुंतले की पुरणात वेलदोडा आहे किंवा नाही याची चौकशी करण्याची त्यास फुरसत राहत नाही, हे मालक पुरते ओळखून आहेत.

सबब अर्ज असा की, पुढील दसऱ्यास, कमळजादेवीच्या यात्रेची गर्दी ओसरून माणसे सीमोल्लंघनाच्या निमित्ताने आपल्या काठी जेवावयास येतील तेव्हा, आपण दुपारी बारा ते दोन या वेळात दाट धुक्याची चादर ओढून घ्यावी. ऑक्टोबरच्या उन्हात हे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. परंतु पाण्याचा रंग पालटणाऱ्या सरोवरास ते अशक्य नसावे. दोन तास गिऱ्हाइकांची नजर ताटावर खिळली, की मुदपाकखान्यात जी धावपळ उडेल ती ऐकावयास आम्ही जातीने हजर राहू.

तूर्त त्या दिवसाचे बिल या पत्रासोबत जोडले आहे. त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत ‘सरोवर दर्शन’ या सदराखाली जी रक्कम आकारली आहे, तीपैकी आपला हिस्सा आपणांस पोचला किंवा कसे, हे उलटटपाली कळवावे. लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक अर्धपोटी वऱ्हाडकर