चिठ्ठी : बंद करू नये

ऑगस्ट 2007 मध्ये आयबीएमने जाहीर केलं की, आपल्या सुमारे 3,900 सर्व्हरचं काम लिनक्स चालवणाऱ्या सुमारे 30 मेनफ्रेमवर हलवायचं. ज्या मेनफ्रेमला जग म्हातारी म्हणून मोडीत काढत होतं, तिच्याच पदरात शेवटी सगळी पोरं! एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं नांदवण्याची विद्या तिला 1972 च्या व्हीएम/370 पासूनच येत होती म्हणा.

अशा एकत्रीकरणाचा कागदावरचा हिशेब चोख असतो. जुन्या सर्व्हरचा प्रोसेसर बहुतेक वेळ हातावर हात धरून बसलेला, पंखे मात्र अखंड घरघरणारे. रॅकच्या तळाशी एक धुळकट यंत्र, त्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी : ‘बंद करू नये’. का, ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तेही जसंच्या तसं नव्या यंत्रात आभासी रूपाने विराजमान होतं. शिवाय आता नवा सर्व्हर चार क्लिकमध्ये मिळतो म्हटल्यावर जो तो मागतो. फुकट ते पौष्टिक! पूर्वी एक यंत्र बंद पडलं की एक खातं बसायचं. आता अख्खं ऑफिस चहाला जातं.

तेव्हा साहेब, यंत्रं एकत्र करण्याआधी कुठल्या कामाची गरज संपली, ते विचारा. हा प्रश्न फुकट आहे. लायसन्सचे पैसे मात्र अनेकदा कोअरमागे मोजावे लागतात.