जरा थांबा, व्हायब्रन्स वाढवतो

केंदूरमध्ये त्याला ‘प्रीसेट’ म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच बरं आहे. सणसवाडीच्या एका कंपनीत पाळीनं काम, मोटारसायकलचे हप्ते फिटलेले, घरच्यांचं स्थळं बघणं चालू. टोपणनाव पडावं असं यात काहीच नाही. पण पाळी सुटून घरी आला, हातपाय धुतले, की गडी वरच्या खोलीत जातो आणि कॉम्प्युटर लावतो. गेम खेळायला नव्हे, गेम सुधारायला.

हा फरक गावाच्या ध्यानात यायला वेळ लागला. गेम खेळणारी पोरं आम्हाला नवीन नाहीत. देवळाच्या ओट्यावर बसून मोबाईलवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हाकणारी टोळी रोज दिसते. मालेओ नावाच्या तिकडच्या कंपनीनं २०१७ साली काढलेला हा गेम. आपल्याकडच्या कुणा हौशी माणसांनी त्यातल्या बसला एसटीचा लाल रंग चढवून दिला. आता पाटी ‘पुणे–अहमदनगर’ आणि रस्ता इंडोनेशियातला! १ जून १९४८ ला पहिली एसटी याच पुणे–नगर मार्गावर सुटली, म्हणजे आमच्या शेजारच्या शिक्रापूरवरून गेली. आज पोरं तीच गाडी जावा बेटावरून नेतात. पण नेतात तरी. प्रीसेटचा ट्रक अजून फाटकापुढं गेलेला नाही.

त्याचा गेम ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’. चेक देशातल्या एससीएस कंपनीचा, २०१२ चा. माल भरायचा, युरोपभर पोचवायचा, पैसे मिळवायचे, नवीन ट्रक घ्यायचा. आमच्या भागात निम्म्या घरांत कुणी ना कुणी पिकअप नाहीतर टेम्पो चालवतं, त्यामुळं गेम सगळ्यांना कळतो. प्रीसेटनं माल भरला, इंजिन सुरू केलं, गाडी फाटकाबाहेर काढली आणि ओल्या डांबरावर दिव्याची तिरीप बघून करकचून ब्रेक दाबला.

“काय झालं रे?” मी विचारलं.

“काका, रस्ता फिका वाटतोय. जरा थांबा, व्हायब्रन्स वाढवतो.”

मी थांबलो. खाली जाऊन चहा घेऊन आलो, तरी तो व्हायब्रन्सवरच होता. गंमत अशी, की रीशेडची खिडकी उघडली तरी गेमचं घड्याळ काही थांबत नाही. माल उशिरा पोचला की दंड. तो कापला गेला. ड्रायव्हरला झोप अनावर झाली, तो जांभया द्यायला लागला, पडदा मधूनमधून काळा व्हायला लागला. प्रीसेट खुर्चीत पुढं सरकून म्हणाला, “वा! काळा रंग काय खोल आलाय!”

हे रीशेड म्हणजे काय, ते मला त्यानं इतक्यांदा सांगितलंय की आता मीच सांगू शकतो. गेम प्रत्येक चित्र तयार करून पडद्याकडे धाडतो, सेकंदाला तीसेक, साठेक. रीशेड मध्येच वाटेत उभं राहतं, तयार चित्र हातात घेतं, त्याला धुतं, रंग देतं, धार लावतं आणि मग पुढं सोडतं. मूळ गेमला ते बोटही लावत नाही. गेमच्या फोल्डरात एक डीएलएल फाईल टाकायची, शेडरचं, म्हणजे चित्र बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचं, फोल्डर ठेवायचं, बस. होम बटण दाबलं की खुंट्यांची यादी उघडते: कॉन्ट्रास्ट किती, ब्लूम किती, कडा किती तीक्ष्ण. या सगळ्या खुंट्या कुठं ठेवल्या त्याची नोंद म्हणजे प्रीसेट. ती एका छोट्या मजकुराच्या फाईलीत मावते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते. क्रॉसायर या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरनं हे बनवलं आणि २०१७ मध्ये त्याचा कोडही सगळ्यांना खुला केला. त्याच्या आधी स्वीटएफएक्स होतं, त्याही आधी बोरिस वोरोन्त्सोव्ह नावाच्या रशियन माणसाचं ईएनबी. ही नावं प्रीसेट कीर्तनकारानं संतमालिका सांगावी तशी सांगतो. संत कान्हूराज महाराजांच्या गावात त्याला हात जोडायला दुसरे संत मिळाले, इतकंच.

पण तयार झालेलंच चित्र हातात येणार, म्हणजे चित्राबाहेरचं काही दिसणार नाही. इथंच सगळी मेख आहे. रीशेडसाठीचा, उजेड परतवणारा एक महागडा शेडर त्यानं पगारातून घेतला. भिंतीवर लाल गाडीचा लाल उजेड पडतो, बघत राहावं असा. गाडी पडद्याच्या कडेबाहेर सरकली की उजेडही गाडीबरोबर जातो, कारण रीशेडच्या लेखी न दिसणारी गाडी या जगातच नसते. दुसरी गोष्ट, वेगमापक, नकाशा, पैशाचा आकडा हेही त्याच चित्रात असतात. प्रीसेटनं एकदा लांबचं धूसर करणारा शेडर लावला, तर डोंगर स्वच्छ राहिला आणि नकाशा धूसर झाला. तो म्हणाला, “नकाशा कशाला लागतो? मी कुठं जातोय?”

हे मात्र खरं होतं.

वेगाचं रडगाणं वेगळंच. पुण्यात तपकीर गल्लीतून जुनं ग्राफिक्स कार्ड आणलेलं. नुसता गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. प्रीसेटचे शेडर चढले की चोवीसवर येतो. कुणी बोललं की उत्तर तयार असतं: “सिनेमा चोवीसचाच असतो.” अठरावर आला तेव्हाही त्यानं काहीतरी शोधून काढलं होतं, पण नेमकी तेव्हा लाईट गेली आणि ते ऐकायचं राहिलं. सिंगल फेजवर व्होल्टेज पडलं की त्याचा यूपीएस ओरडतो. अख्ख्या आळीला कळतं, प्रीसेटचं काम बुडालं.

वडिलांना हे बघवत नाही. त्यांना घरात दादा म्हणतात. दादांचा चाकणच्या कांदा बाजाराचा अनुभव मोठा. एकदा ते जिना चढून आले, पडद्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “गोणीच्या तोंडाशी मोठे कांदे लावले म्हणून अडत्या फसतोय व्हय? तो गोणी पालथी करून बघतोय.” प्रीसेट गप्प बसला. मग हळूच म्हणाला, “दादा, पण तोंडाशी तुम्ही लावताच की.” दादा खाली गेले.

मला विचाराल तर या वादात दोघंही बरोबर आहेत, आणि याचा पुरावा प्रीसेटच्याच कपाटात आहे. ‘जीटीए सॅन अँड्रियास’ हा त्याचा लहानपणीचा गेम. मूळ गेममध्ये दूरवर एक धुरकट पडदा असायचा. २०२१ मध्ये त्याची नवी, सुधारलेली म्हणून आवृत्ती निघाली. त्यात पहिल्यांदा हा धुरळा पार विरळ केला होता. झालं काय, की एवढं मोठं वाटणारं राज्य एका नजरेत मावायला लागलं. शहर, वाळवंट, डोंगर, सगळं शेजारीशेजारी. लोक संतापले. जे दोष म्हणून पुसलं, त्यावरच सगळा डोलारा उभा होता. प्रीसेटनं ते ऐकून स्वतःच्या प्रीसेटमध्ये पुन्हा धुकं घातलं आणि मग ते धुकं स्पष्ट दिसावं म्हणून त्याला धार लावली.

हा नाद याच पिढीचा आहे असंही नाही. प्रभात फिल्म कंपनीनं १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ चित्रपट रंगीत करायला घेतला, प्रती थेट जर्मनीत काढून आणल्या आणि रंग काही मनासारखे उतरले नाहीत. व्ही. शांतारामांसारख्या माणसाचं तसं झालं तिथं केंदूरच्या पोराला किती बोलायचं?

त्याच्या प्रीसेटची नावं मला आवडतात. बाकीचे लोक ‘अल्ट्रा रिअल’, ‘सिनेमॅटिक’ असं काहीतरी देतात. यानं नक्षत्रं घेतलीत: रोहिणी, मृग, आर्द्रा, हस्त. आमचा शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. वेळ नदीला पाणी कधी आणि थिटेवाडीच्या बंधाऱ्यात किती, यावर इथं तासन् तास बोलणं होतं. प्रीसेटच्या युरोपात मृग वेळेवर लागतो. रोहिणीत पडद्यावरची जर्मनी अशी तापलेली दिसते की बघणाऱ्याचा घसा कोरडा पडावा.

‘हस्त’ करताना मी तिथं होतो. आजी कशाला तरी वर आली होती. गुडघ्यावर हात ठेवून थांबली आणि पडद्याकडे बघायला लागली.

“काय रं हे?”

“हस्ताचं आभाळ, आजी.”

“ह्ये? ह्ये नुसतं काळं फासलंय. हस्ताला असं सगळीकडून सारखं आभाळ येतंय व्हय? खाली काळं-निळं, वर कडंला पिवळं. ऊन मागं असतंय त्येच्या.”

प्रीसेटचा हात माऊसवर थांबला. इतकी वर्षं त्याला लोकांनी ‘भारी’, ‘कडक’ एवढंच सांगितलं होतं. खुंटी कुठली फिरवायची ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं लिफ्ट-गॅमा-गेन नावाचा शेडर काढला. त्यात गडद, मधला आणि उजळ भाग वेगवेगळे रंगवता येतात. गडद भागाला निळा दिला, उजळ भागातला निळा कमी केला, तशा ढगांच्या कडा पिवळ्या पडल्या. आजी बघत होती. “आजून. आजून थोडं. आता जास्त झालं. मागं घे.” पाऊण तास हे चाललं. खालून आईनं दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी आजी म्हणाली, “हां. आता भुईमुगाचं बघाया पायजे,” आणि जिना उतरायला लागली. त्याच्या यादीतला तेवढा एक प्रीसेट बघण्यासारखा आहे, हे माझं मत.

गावानं त्याच्या हाताचा उपयोग करून घ्यायचा प्रयत्न केला. यात्रेच्या शुभेच्छांचा फ्लेक्स करायला एक पुढारी त्याच्याकडे आले. फोटो घेऊन बसले, “चेहरा जरा उजळ कर.” प्रीसेट म्हणाला, “स्किन टोन बिघडतो.” पुढाऱ्यांना वाटलं पैसे वाढवून मागतोय. त्यांनी वाढवले. हा ऐकेना. रात्रंदिवस खोटा पाऊस पाडणाऱ्या माणसाला तेवढ्यापुरतं खऱ्याचं वेड लागलं. उन्हात जसा रापलेला चेहरा असतो तसाच, गळ्याच्या पट्ट्यासकट, फ्लेक्सवर उतरला. फ्लेक्स लागला तो मंडपाच्या मागच्या बाजूला.

लग्नाच्या बायोडाटावरचा फोटो मात्र स्वतःचा असल्यामुळं त्यानं मन लावून केला. कडांची धार एवढी वाढवली की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. पाबळच्या पाहुण्यांनी फोन करून विचारलं, “मुलगा प्रत्यक्षात बघायला मिळेल ना?”

तर केंदूरला आलात आणि कुणी तुम्हाला त्या जिन्यानं वर नेलं, तर एवढं सांभाळा. ऑनलाईन खेळाचं नाव काढू नका. तिथल्या पहारेकरी प्रोग्रॅमना रीशेड दिसलं तर ते दारातच अडवू शकतात, आणि त्यावर त्याचं व्याख्यान तासाचं आहे. ‘गेममध्ये किती पुढं गेलास’ हे विचारू नका. तो एंड बटण दाबेल. सगळे शेडर एकदम बंद-चालू करायची सोय त्यानं तिथं बसवली आहे. “हे आधीचं. हे नंतरचं. आधीचं. नंतरचं. फरक कळला?” हो म्हणा आणि लगेच चहा मागा. कुठलं आवडलं ते चुकूनही सांगू नका. परवा एका पाहुण्यानं मनापासून एकाकडे बोट दाखवलं, ते शेडर बंद असतानाचं निघालं, आणि त्या रात्री खाली कुणाला झोप मिळाली नाही.