घरगुती अडचण

अठ्ठावीस वर्षं मी एका बँकेच्या खिडकीमागे बसून लोकांचे फॉर्म परत केले. फॉर्म घेणं हे माझं काम आहे असं बँकेचं म्हणणं होतं. माझा ओढा परत करण्याकडे होता. 'खाडाखोड चालणार नाही', 'झेरॉक्स स्वतः साक्षांकित करून आणा' आणि 'सही जुळत नाही' ही माझी तीन वाक्यं शाखेत इतकी गाजली होती, की निरोपसमारंभाच्या केकवर ती लिहून आणायचं सहकाऱ्यांनी ठरवलं. तिसरं केकवर मावलं नाही. ते मॅनेजरसाहेबांनी भाषणात म्हणून दाखवलं.

स्वेच्छानिवृत्तीनंतर पहिले चार महिने मी घरातल्यांचे फॉर्म परत केले. म्हणजे वाण्याच्या यादीत डाळीपुढे वजन नाही, दूधवाल्याच्या हिशेबावर तारीख नाही, असं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुमचं ते एम.ए. राहिलं होतं ना इतिहासाचं? करून टाका." तिच्या आवाजात प्रोत्साहन किती आणि हद्दपारी किती, ते मी तपासलं नाही.

इतिहासाचा माणूस म्हणून मी तयारीची सुरुवात विद्यापीठापासूनच केली. पुणे विद्यापीठाची स्थापना 10 फेब्रुवारी 1949. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर. 2014 पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्या पंखाखाली. गणेशखिंडीतला परिसर 411 एकर. त्यात रिक्षावाल्याला नुसतं 'विद्यापीठात सोडा' सांगणारा माणूस पुढचा अर्धा तास वडाच्या झाडांना विभागाचा पत्ता विचारत हिंडतो, हे स्वानुभवानं सांगतो. मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळी बंगला. बार्टल फ्रिअरच्या काळात 1864 साली काम सुरू झालं, 1871 साली संपलं. 22 जून 1897 च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी याच बंगल्यात झाली आणि ती आटोपून परतताना रँडला चाफेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गाठलं. हे सगळं मी वहीत उतरवलं, पाठ केलं, बायकोला दोनदा म्हणून दाखवलं. प्रवेश परीक्षेत यातलं काहीही आलं नाही, पण ते पुढे.

आधी फॉर्म. तो ऑनलाइन होता. आता त्याला कोपरा नाही, मुडपता येत नाही, खिडकीतून परत सरकवता येत नाही, अशा फॉर्मचा मला काय अनुभव! मुलगी, सई, शेजारी बसली. "बाबा, आधी एबीसी काढावं लागेल."

"ते मला येतं."

"अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, बाबा. तुमचं खातं."

डिजिलॉकरमध्ये शिरून खातं उघडलं. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाची त्या बँकेतली शिल्लक शून्य निघाली.

मग फोटो. पन्नास केबीच्या आत हवा. माझा एकट्याचा, समोर बघणारा असा एकच फोटो मोबाइलमध्ये होता. भाच्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. सई म्हणाली, दुसरा काढू. मी म्हटलं, काय वाईट आहे यात? चेहरा स्पष्ट आहे. फेटा केबीत बसेना, तेव्हा तिनं तो कडेनं कापत आणला. शेवटी फोटोत मी आणि फेट्याचा खालचा मजला एवढेच उरलो.

मग आधीचं विद्यापीठ. मी मुंबईचा बी.ए., 1994. माझ्या पदवीपत्रावर इंग्रजीत 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे' आहे. 'मुंबई' झालं 1996 साली. स्क्रीनवरच्या यादीत बॉम्बे सापडेना. सई चहा आणायला उठली होती. मी चष्मा कपाळावर चढवून यादी खाली सरकवत राहिलो, 'युनिव्हर्सिटी ऑफ एम...' दिसलं, दाबलं. पुढे. पुढे. पुढे. शुल्क भरलं. पावती आली. सई चहा घेऊन आली आणि पावतीकडे बघत उभी राहिली.

"बाबा, तुम्ही मद्रासला कधी शिकलात?"

1857 साली, म्हणजे बंडाच्याच वर्षी, सरकारनं सात-आठ महिन्यांत तीन विद्यापीठं काढली. जानेवारीत कलकत्ता, जुलैत मुंबई, सप्टेंबरात मद्रास. मुंबई आणि मद्रास यांच्यात इतिहासानं जेमतेम दोन महिन्यांचं अंतर ठेवलं होतं. माझ्या बोटानं तेही ठेवलं नाही. शुल्क भरल्यावर फॉर्म बंद होतो, हे फॉर्मवरच ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. असं ठळक अक्षरातलं न वाचणाऱ्यांना मी खिडकीतून काय काय बोललो आहे, ते इथं लिहीत नाही.

"दुरुस्तीसाठी मेल करा, बाबा. आजच करा."

"करतो."

तोवर कागद जमवायचे होते. मूळ गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, आणि विद्यापीठ बदलतोय म्हणून मुंबईचं स्थलांतर प्रमाणपत्र. मी सामानसुमानासह पुण्यात स्थलांतर केलं 1998 साली. त्याचं प्रमाणपत्र घ्यायला 2025 साली उलटा मुंबईला गेलो. आणि सगळ्यांत शेवटी गॅपचं प्रतिज्ञापत्र. शिक्षणात खंड पडला असेल तर का पडला, ते शपथेवर सांगायचं.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर एक नोटरी टेबल टाकून बसले होते. शेजारी टायपिंगवाला पोरगा.

"गॅप किती?"

"एकतीस."

"महिने?"

"वर्षं."

पोरानं टायपिंग थांबवलं. नोटरींनी पलीकडच्या टेबलावरच्या नोटरींना हाक मारली, "अहो, इकडे या जरा, एकतीस वर्षं आहेत." ते आले, मला नीट पाहून गेले. नमुना तयारच होता. सदर कालावधीत मी अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही. सदर कालावधीत मी कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात सहभागी नव्हतो. या दुसऱ्या वाक्यापाशी मी जरा रेंगाळलो. लोकांचे बरोबर भरलेले फॉर्म, जेवणाची वेळ झाली म्हणून, परत केले होते. ते बेकायदेशीरात धरतात का?

"काका, कारण काय टाकू?"

एकतीस वर्षांचं कारण. नोकरी लागली, बदली झाली, लग्न झालं, मुलगी झाली, घराचे हप्ते, आईचं आजारपण, मग सवय. यातलं कोणतं टाकायचं? मी विचार करतोय तोवर पोरानं नेहमीचं टाकून दिलं, 'घरगुती अडचण'.

तो कागद मी घरी आणून बायकोला वाचायला दिला. ही माझी यातली सर्वांत मोठी चूक. मद्रास त्यामानानं काहीच नाही.

"घरगुती अडचण म्हणजे मी का?"

"तो छापील नमुना असतो गं."

"शपथेवर लिहिलंयत. वर शिक्का मारून आणलायत."

पुढचे तीन दिवस मला आमटीत मीठ मागायचीही हिंमत झाली नाही.

परीक्षेच्या केंद्रावर सगळी पोरं सईच्या वयाची. एकानं मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "सर, आमचा हॉल कुठला?" मी त्याला दिशा दाखवली. ती चुकीची होती, हे मला नंतर त्याच हॉलमध्ये पोचायला उशीर झाल्यावर कळलं. दारावर पर्यवेक्षक बाई प्रवेशपत्राकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"हे तुम्हीच?"

"हो."

"फेटा?"

"घरी आहे."

पेपरात विषयाच्या जोडीला सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन होतं. जयकर नाहीत, फ्रिअर नाही, 10 फेब्रुवारी तर नाहीच. त्याऐवजी 2, 6, 12, 20 आणि पुढे रिकामी जागा. मी त्या आकड्यांत बराच वेळ सनावळी शोधली. शेजारचा मुलगा एवढ्यात पाच प्रश्न पुढे गेला होता. उत्तर तीस, हे मला घरी आंघोळ करताना सुचलं.

तरीही यादीत नाव आलं. बरंच खाली, पण आलं. सईनं पेढे आणले, बायकोनं त्यातला एक उचलला. म्हणजे घरगुती अडचण सुटत आली होती.

कागदपत्रं तपासायच्या दिवशी टेबलामागे एक चोविसेक वर्षांची मुलगी होती. तिनं माझे कागद ओळीनं लावले, प्रत्येकाची झेरॉक्स मुळाशी ताडून पाहिली, बोटानं ओळी मोजल्या. काम बघून माझा ऊर भरून आला. अशी एक मुलगी आमच्या शाखेत असती तर! मग तिनं फॉर्मवरची सही आणि तिच्यासमोर आत्ता केलेली सही शेजारी शेजारी धरली.

"काका, सही जुळत नाही."

मी पुन्हा केली. ती पहिल्या दोन्हींशी जुळेना. मग बँकेतली केली, मग बी.ए.च्या काळातली आठवून केली. कागदावर पाच माणसं जमली. मागच्या रांगेतून 'काका, लवकर आवरा' असा आवाज आला. हा आवाज मी अठ्ठावीस वर्षं पलीकडच्या बाजूनं ऐकलेला होता. तिनं आधारकार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाचांतल्या एकीवर बारीक खूण केली आणि म्हणाली, "ही चालेल."

मी कागद गोळा करायला लागलो. तिनं फॉर्मचं पान उलटलं.

"आणि काका, तुम्ही मद्रासहून का आलात?"

मी मोबाइल काढला. दुरुस्तीची मेल सापडली. विषय नीट लिहिलेला, अर्ज क्रमांक बरोबर, शुद्धलेखन तपासलेलं, शेवटी 'आपला विश्वासू'. ड्राफ्टमध्ये होती.