पेटली एकदाची

मुळशीत आषाढ लागला की भर दुपारी ट्यूब लावावी लागते. आणि बटण दाबलं म्हणजे ती लागतेच असं नाही. आधी स्टार्टर चार-पाचदा डोळे मिचकावतो, मग चोक गुणगुणतो, आणि आमच्या ओसरीवरची 40 वॅटची चारफुटी नळी उपकार केल्यासारखी उजळते. उशिरा समजणाऱ्या माणसाला ‘ट्यूबलाइट’ म्हणायला ज्यानं सुरुवात केली, तो बहुधा आमच्या मुळशीचाच असावा.

यंदा उजेड इतका मंदावला की वर्तमानपत्राचे नुसते मथळे वाचून मी बातम्यांवर मतं देऊ लागलो. मग मात्र अभ्यासाला बसलो. नळीत पाऱ्याची वाफ असते. वीज खेळली की ही वाफ अतिनील किरण सोडते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण काचेच्या आतल्या पांढऱ्या लेपावर पडले की लेप उजळतो. नळीला भोवतालची हवा साधारण 25 अंशांची मानवते. गारठ्यात वाफ विरळ होते आणि उजेड उतरतो. आता हे ताम्हिणी घाटातल्या वाऱ्याला कुणी सांगायचं? इलेक्ट्रॉनिक चोक लावला, तर तेवढ्याच विजेत 10 टक्के उजेड वाढतो म्हणे.

मी खर्चाची यादी केली आणि आजीला वाचून दाखवली : नवा चोक, नवी पट्टी, स्टॅबिलायझर. मग माझा आवाज चढला. “समोर एवढं धरण! त्यासाठी जमिनी गेल्या. 1921मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. पाणी घाट उतरून भिऱ्याला जातं, 1927पासून तिथं वीज होते, मुंबई झगमगते. आणि आपल्याला हे व्होल्टेज! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.”

आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काच कधी पुसली होतीस?”

तिचा जन्म कंदिलाची काच राखेनं घासण्यात गेलेला. दिवेलागणीआधी काच, मग वात.

बटण बंद करून मी स्टुलावर चढलो. नळीवर चुलीचा धूर, धूळ, गेल्या पावसाळ्यातल्या पाखरांचे पंख. फडकं काळंकुट्ट झालं. पट्टीही पुसली. नळी बसवली, बटण दाबलं. मिचमिच, गुणगुण, आणि ओसरी लख्ख. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरंसुद्धा दिसू लागली.

“पेटली एकदाची,” आजी म्हणाली. बघत मात्र ती माझ्याकडे होती.